रॉक गीतकाराचा कंट्री अल्बम ऐकवून श्रोत्यांची मते कशी नोंदवावीत

चार-आठ जणांनी एकत्र बसून एखादा अल्बम ऐकला की यजमान हमखास विचारतो, ‘कसा वाटला?’ आणि उत्तरे येतात, ‘छान’, ‘ठीक आहे’, ‘आधीचा जास्त चांगला होता’. ज्या गीतकाराची ओळख रॉक संगीताशी घट्ट जोडलेली आहे, त्याने कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या संगीताच्या, वळणाचा अल्बम केला असेल, तर या प्रश्नातून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. श्रोता अल्बमविषयी बोलत असतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा स्वतःच्या अपेक्षेविषयी बोलत असतो. मत उपयोगी ठरते ते दोन गोष्टी कळल्यावर : ते गाण्यातल्या नेमक्या कोणत्या जागेबद्दल आहे आणि ते सांगणाऱ्याचा कान कोणत्या संगीतावर वाढला आहे. पुण्यात असे श्रवणसत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी या दोन गोष्टी मिळवण्यासाठी काय करावे, हे येथे एका अल्बमच्या आधाराने मांडले आहे.

तो अल्बम म्हणजे एल्विस कॉस्टेलो यांचा २००९ चा ‘सीक्रेट, प्रोफेन अँड शुगरकेन’. कॉस्टेलो हे मूळचे लंडनचे. १९७७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि धारदार, शब्दबहुल रॉक लिहिणारा गीतकार म्हणून त्यांचे नाव झाले. कंट्रीशी त्यांचा संबंध मात्र या अल्बमपासून सुरू होत नाही. १९८१ मध्ये त्यांनी कंट्रीचे अमेरिकेतील मुख्य केंद्र असलेल्या नॅशव्हिलला जाऊन बिली शेरिल यांच्या निर्मितीखाली इतरांच्या कंट्री गाण्यांचा ‘ऑलमोस्ट ब्लू’ हा अल्बम केला होता, आणि त्याच्या आवरणावर ‘यात कंट्री संगीत आहे, संकुचित मनाच्या श्रोत्यांना ते खटकू शकते’ अशा आशयाची सूचना चिकटवलेली होती. श्रोत्यांच्या अपेक्षेचा प्रश्न तेव्हापासूनच त्यांच्या मागे आहे. २००९ चा अल्बमही नॅशव्हिलमध्येच, टी-बोन बर्नेट यांच्या निर्मितीखाली, अवघ्या तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. त्यात ड्रम नाहीत. जेरी डग्लस यांचा डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार), स्टुअर्ट डंकन यांचे फिडल (म्हणजे व्हायोलिनच), माइक कॉम्प्टन यांचे मँडोलिन, डेनिस क्राउच यांचा डबल बास आणि जेफ टेलर यांचे अकॉर्डियन असा तारवाद्यप्रधान मेळ आहे, आणि जिम लॉडरडेल यांचा दुसरा आवाज मुख्य आवाजाला जागोजागी साथ देतो. नॅशव्हिलच्या चकचकीत, रेडिओसाठी घडवलेल्या कंट्रीपासून हे संगीत दूर राहते, म्हणून ते पर्यायी कंट्रीच्या अंगाने ऐकणे सोयीचे जाते.

पहिली तयारी ध्वनियंत्रणेची करावी, आणि ती सर्वांत महत्त्वाची समजावी. ड्रम नसलेल्या या मेळात लय धरून ठेवण्याचे काम डबल बास आणि मँडोलिन करतात : बास जड मात्रांवर पडतो आणि मँडोलिनचा तुटक, दाबून मारलेला आघात मधल्या मात्रांवर येतो. मोबाइलच्या किंवा लहान ब्लूटूथ स्पीकरवर बासचा खालचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो, आणि मग अर्धे श्रोते ‘याला लय नाही’ असे लिहून मोकळे होतात. ते मत अल्बमवरचे नसून स्पीकरवरचे असते. म्हणून पुस्तकांच्या मांडणीवर मावतील एवढ्या आकाराचे दोन बऱ्यापैकी स्पीकर नसतील, तर सत्र पुढे ढकलणे बरे. जागा निवडताना पेठांमधील रस्त्याकडेची दिवाणखान्याची खोली टाळावी. लक्ष्मी रस्ता किंवा बाजीराव रस्त्याच्या बाजूला रविवारी सकाळी लवकरसुद्धा हॉर्नचा आवाज आत येतो आणि हळू वाजणारे फिडल त्यात बुडते. मागच्या अंगाची खोली, कोथरूड किंवा पाषाणच्या आतल्या गल्लीतील घर, किंवा एखाद्या संस्थेचा लहान सभागृहवजा कक्ष अधिक चालतो. गणेशोत्सवाचे दिवस अर्थातच सोडून द्यावेत.

श्रोते आठ ते दहा असावेत. त्याहून जास्त झाले तर बोलके तिघे-चौघेच बोलतात. मात्र हे दहा जण एकाच मुशीतले नसावेत, याची काळजी घ्यावी लागते. पुण्यात हे अवघड नाही. २०१० मध्ये येथे एनएच७ वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला आणि रॉक व स्वतंत्र बँड ऐकणारा तरुण वर्ग त्यातून अधिक ठळक झाला. तर दुसरीकडे १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्ररात्र बसलेली पिढीही याच शहरात आहे. दोन्हींतले तीन-तीन जण बोलवावेत आणि उरलेल्या जागा अशा लोकांना द्याव्यात ज्यांचा कान प्रामुख्याने भावगीतांवर आणि चित्रपटगीतांवर घडला आहे. माझ्या मते या तिसऱ्या गटाची मते सर्वांत दुर्लक्षित राहतात आणि पुष्कळदा तीच सर्वांत ताजी असतात, कारण कोणत्याही बाजूची शिस्त सांभाळण्याचे ओझे त्यांच्यावर नसते.

गाणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहायला सांगाव्यात : आपण घरी सर्वाधिक काय ऐकता, या गायकाचे पूर्वी काही ऐकले आहे का, आणि आज काय ऐकायला मिळेल असे वाटते. तिसरे उत्तर पुढे फार कामाला येते. ज्याने ‘इलेक्ट्रिक गिटार, जोरकस गाणी’ असे लिहिले आहे, त्याचे ‘धार नाही’ हे नंतरचे मत वेगळ्या रीतीने वाचावे लागते, आणि ज्याने काहीच अपेक्षा लिहिलेली नाही त्याचेही ‘धार नाही’ असे मत आले, तर त्याकडे अधिक गंभीरपणे पाहावे लागते. या टप्प्यावर यजमानाने अल्बमचे नाव, वर्ष आणि वाद्ये एवढेच सांगावे. समीक्षक काय म्हणाले, तो किती खपला, यातले काहीही सांगू नये.

मग अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तेराही गाणी, न थांबता आणि न बोलता ऐकवावा. पाऊण तासाच्या आसपासचे हे ऐकणे आहे. तेवढी शांतता मागण्यात संकोच करू नये. कागदावर एक ते तेरा आकडे आधीच घातलेले असावेत आणि श्रोत्याने प्रत्येक आकड्यापुढे फक्त जे ऐकू आले ते टिपावे : ‘फिडल आवाजाच्या मागे मागे येते’, ‘दुसऱ्या कडव्यात आवाज फाटतो’, ‘येथे माझे लक्ष सुटले’. आवडले-नावडले हे शब्द या कागदावर येऊ देऊ नयेत. लक्ष सुटल्याची नोंद विशेष मोलाची असते, कारण दहापैकी सहा जणांचे लक्ष एकाच गाण्यात सुटले असेल, तर ते अल्बमच्या रचनेबद्दल काही सांगते.

चहानंतर दुसरी फेरी घ्यावी, आणि ती निवडक गाण्यांची असावी. येथे यजमानाने संदर्भ द्यायला हरकत नाही, किंबहुना तो द्यावाच. या अल्बममधील काही गाणी कॉस्टेलो यांनी रॉयल डॅनिश ऑपेरासाठी हाती घेतलेल्या, डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्यावरील ऑपेरातून आली आहेत. स्वीडिश गायिका जेनी लिंडवर अँडरसन यांचे असफल प्रेम होते आणि १८५० मध्ये अमेरिकन मनोरंजन-व्यावसायिक पी. टी. बार्नम यांनी तिला अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले, हा त्या गाण्यांचा परिसर आहे. हे ठाऊक नसताना ती गाणी बाकीच्यांच्या मध्ये परकी वाटतात. ठाऊक झाल्यावर काहींना ती उलगडतात आणि काहींना तरीही परकीच राहतात. मला स्वतःला वाटते की ती गाणी शब्दांत श्रीमंत आहेत, पण या वाद्यमेळात पुरती मुरलेली नाहीत. यजमानाने आपले असे मत सर्वांचे कागद जमा होईपर्यंत स्वतःपाशी ठेवावे. इंग्रजी शब्द पटकन न कळणाऱ्यांसाठी प्रत्येक गाण्याचा आशय दोन-तीन मराठी वाक्यांत लिहून द्यावा. संपूर्ण गीत छापून वाटण्याची गरज नसते, आणि वाचत बसलेला श्रोता ऐकतही नाही.

या फेरीतले सर्वांत फलदायी काम म्हणजे ‘कॉम्प्लिकेटेड शॅडोज’ हे गाणे दोनदा ऐकवणे. कॉस्टेलो यांनी ते १९९६ च्या ‘ऑल धिस यूसलेस ब्यूटी’ या अल्बममध्ये आपल्या रॉक बँडसह केले होते, आणि २००९ मध्ये तेच गाणे या तारवाद्यांच्या मेळात पुन्हा आले. शब्द तेच, गायक तोच, चालही मूलतः तीच; बदलते ती साथ आणि तिच्यामुळे आवाजाची फेक. ‘रॉक हवे की कंट्री’ हा हवेतला वाद येथे थांबतो, कारण समोर प्रत्यक्ष कानांनी ऐकलेले दोन पुरावे असतात. अर्ध्या श्रोत्यांना आधी जुने आणि अर्ध्यांना आधी नवे ऐकवता आले तर उत्तम, कारण जे आधी ऐकले त्याच्याकडे कल झुकतो. दोन गट करणे जमत नसेल, तर कोणते आधी वाजवले याची नोंद तरी ठेवावी. या गाण्यानंतर विचारायचा प्रश्न एकच : गाण्याच्या शब्दांतली धमकी कोणत्या रूपात अधिक जाणवली, आणि कोणत्या जागी?

बाकीचे प्रश्नही असेच जागेला धरून असावेत. ‘कोणते वाद्य काढून टाकले तर गाणे पडेल?’ या प्रश्नाला मिळणारी उत्तरे मला नेहमी ‘कोणते वाद्य आवडले?’ यापेक्षा अधिक बोलकी वाटत आली आहेत. डोब्रोबद्दल पुण्यातील श्रोते बहुधा पुष्कळ बोलतील. तारेवरून पोलादी दांडी सरकवून काढलेला त्याचा स्वर मींडेची सवय असलेल्या कानाला चटकन ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख निराधार नाही : मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि हेच जेरी डग्लस यांनी १९९५ मध्ये ‘बर्बन अँड रोझवॉटर’ हा अल्बम एकत्र केला होता. तरीही एखाद्याने ‘येथे मींड आहे’ असे लिहिले, तर तेवढ्यावर थांबू नये. ती मींड शब्दाचा अर्थ पुढे नेते की दोन ओळींमधील रिकामी जागा भरते, हे त्याला विचारावे.

मते वाचताना एक भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. पंडित भीमसेन जोशी यांच्या संतवाणीच्या कार्यक्रमात ख्यालाची बढत शोधणारा रसिक निराश झाला, तर ती निराशा खरी असते, परंतु अभंग कमी पडला असे तिच्यावरून ठरत नाही. ‘यात गिटारचा जोर नाही’ हे मत त्याच जातीचे आहे. याउलट ‘सहाव्या-सातव्या गाण्यांच्या सुमारास सगळ्यांचा वेग सारखाच वाटू लागतो’ हे मत अल्बमला त्याच्याच अटींवर तपासते, म्हणून त्याला अधिक वजन द्यावे. कॉस्टेलो यांच्या आवाजाबद्दलची तक्रार दोन्हींच्या मध्ये पडते. तो आवाज नाकातून आणि ताण देऊन येतो. काहींना तो हळव्या ओळींवर जड होतो असे वाटेल आणि काहींना त्याच ताणामुळे गाणे गुळचट होण्यापासून वाचते असे वाटेल. या दोन मतांत पंच होऊ नये. दोन्ही मते ज्या ओळीवरून आली ती ओळ मात्र टिपून घ्यावी, कारण पुष्कळदा ती एकच ओळ असते.

लिहून काढताना दहांपैकी किती गुण किंवा किती तारे, असे काही करू नये. तीव्र नापसंती आणि तीव्र पसंती यांची सरासरी काढली की ‘बरा’ असा निकाल येतो, जो खोलीतल्या एकाही माणसाचा नसतो. प्रत्येक मत श्रोत्याच्या मूळ मराठी शब्दांत ठेवावे आणि त्यामागे नावाऐवजी त्याची ऐकण्याची पार्श्वभूमी द्यावी, उदाहरणार्थ ‘पेटी शिकवणारे, कॉस्टेलो प्रथमच ऐकत आहेत’. एकट्या पडलेल्या मताला वगळू नये. सर्वांना कंटाळवाण्या वाटलेल्या गाण्याविषयी एखाद्याने चार ओळी मनापासून लिहिल्या असतील, तर त्या पूर्ण द्याव्यात. काहीही इतरांना दाखवण्यापूर्वी प्रत्येकाची परवानगी घ्यावी.

शेवटचे गाणे ‘चेंजिंग पार्टनर्स’ कॉस्टेलो यांचे नाही. पॅटी पेज यांनी ते १९५३ मध्ये लोकप्रिय केले होते. हे दुसऱ्या फेरीपर्यंत सांगू नये. पहिल्या ऐकण्यात ज्यांना त्याची चाल बाकीच्यांहून वेगळी जाणवली, त्यांच्या कागदांवर खूण करून ठेवावी, कारण गीतकाराची स्वतःची चालीची घडण कोणाच्या कानात बसली आहे, हे त्यावरून कळते आणि त्या श्रोत्यांची बाकीच्या बाराही गाण्यांवरची टिपणे पुन्हा बारकाईने वाचण्याजोगी असतात.

पंधरवड्यानंतर सर्वांना पुन्हा एकदा विचारावे. तेव्हा अल्बम परत ऐकवू नये. कोणते गाणे मनात राहिले आणि त्यातले काय राहिले, एवढेच लिहून मागावे. हे नवे उत्तर जुन्याच्या जागी न टाकता त्याच्या शेजारी, दोन्ही तारखांसह ठेवावे.