कुकी म्हणजे बिल्ला: कधी जपायचा, कधी टाकायचा

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. कराडात माझं सेवा केंद्र आहे, तीन संगणकांचं, आणि त्या दिवशी रांग पायरीपर्यंत गेली होती. एका मुलीचा अर्ज अर्धा भरून झाला तेव्हा लक्षात आलं, उत्पन्नाचा दाखला घरीच राहिलाय. तिचा भाऊ तो आणायला धावला. तेवढा वेळ वाया नको म्हणून मी शेजारच्या टॅबमध्ये पुढच्या मुलाचं लॉगिन केलं. भाऊ आला, मी पहिल्या टॅबवर परतले, दाखला जोडला आणि 'सेव्ह' दाबलं. दाखला जाऊन बसला त्या मुलाच्या खात्यात. पडद्यावर नाव मात्र मुलीचंच दिसत होतं.

ते निस्तरण्यात दोन दिवस गेले आणि मुदत संपायला तीनच उरले होते. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर मी कुकी हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं. आता केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तेच इथे लिहिते आहे.

देवळाबाहेरचं चपलांचं स्टँड डोळ्यांपुढे आणा. तिथला माणूस गर्दीत कुणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तो पत्र्याचा बिल्ला देतो आणि परत आल्यावर फक्त त्यावरचा नंबर बघतो. वेबसाइटचंही तसंच असतं. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तर दोन्ही वेळा आलेला माणूस एकच आहे हे तिला आपणहून कळत नाही. म्हणून ती तुमच्या ब्राउझरकडे (क्रोम, सफारी, फायरफॉक्स यांसारखं वेबसाइट उघडणारं ॲप) एक छोटासा मजकूर ठेवायला देते, बहुतेकदा नुसता लांबलचक नंबर. पुढच्या प्रत्येक पानाच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो. ही कुकी. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी ती शोधून काढली, आणि खरेदीची टोपली लक्षात ठेवणं हा त्यामागचा मूळ हेतू होता. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. ती तुमचे फोटो उघडून बघत नाही. पण लॉगिनचा बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर तुमच्या चपला त्याच्या पायात जातात, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

माझी चूक आता कळेल. एका ब्राउझरमध्ये एका साइटचा लॉगिनचा बिल्ला एकच असतो आणि सगळे टॅब तोच वापरतात. दुसऱ्या मुलाचं लॉगिन केलं तेव्हा मुलीचा बिल्ला जाऊन तिथे त्याचा आला. उपाय सोपा आहे. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक करून वेगळं प्रोफाइल तयार करा. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज वेगळ्या राहतात. घाईत असाल तर एक अर्ज साध्या खिडकीत आणि दुसरा इनकॉग्निटोत, म्हणजे बंद केल्यावर कुकीज मागे न ठेवणाऱ्या खासगी खिडकीत भरा (कंट्रोल, शिफ्ट आणि एन). मात्र दोन इनकॉग्निटो खिडक्या उघडून दोघांची कामं करू नका, कारण त्या दोन्ही खिडक्यांच्या कुकीज एकत्रच असतात. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाला हे पटवायला मला चांगला आठवडा लागला.

दुसऱ्याच्या संगणकावर काम केलंत तर उठण्याआधी लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. पुष्कळ जण 'हिस्टरी' पुसतात आणि निर्धास्त होतात, पण हिस्टरी म्हणजे कुठे कुठे गेलात त्याची यादी. ती पुसली तरी बिल्ला तिथेच राहतो आणि पुढचा माणूस तुमचा मेल उघडू शकतो. लॉगआउट केलं की नीट बांधलेली साइट तो नंबर आपल्या वहीतूनच खोडते. नुसती कुकी पुसलीत तर तुम्ही फक्त तुमच्याकडचा बिल्ला फेकला, स्टँडवाल्याच्या वहीत नंबर चालूच राहू शकतो. म्हणून आधी लॉगआउट, मग पुसणं. आणि अनोळखी संगणकावर क्रोमला स्वतःचं गुगल खातं जोडू नका. तसं जोडलेलं असलं की कुकीज पुसूनही गुगलचं लॉगिन सुटत नाही.

पुसायचं कसं? संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. फोनवर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे 'डिलीट ब्राउझिंग डेटा'. वेळेच्या जागी 'ऑल टाइम' निवडा, नाहीतर थोड्याच वेळाचं पुसलं जातं. कुकीजच्या ओळीवर खूण हवी. साठवलेल्या पासवर्डची ओळ वेगळी असते, तिला हात लावू नका. घरच्या फोनवर हे रोज करायची काहीच गरज नाही. सगळीकडे पुन्हा लॉगिन करत बसाल. एखादीच साइट अडली, 'सेशन एक्स्पायर्ड' (लॉगिनची मुदत संपली) असं पुन्हा पुन्हा म्हणू लागली, तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज काढा. माझ्या केंद्रातले अडलेले कितीतरी अर्ज एवढ्यावर सुटलेत.

आता मला खरोखर खटकतं ते सांगते. एक काकू परवा विचारत होत्या, "अगं, मी घरघंटीचे भाव बघितले, आता बातम्या वाचायला गेले तरी घरघंटीच. फोन माझं बोलणं ऐकतो का गं?" त्यांना समजावलं ते असं: दुकानाच्या पानावर जाहिरात कंपनीचा एक तुकडा असतो. तो त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि येताना स्वतःचा बिल्ला देऊन जातो. बातम्यांच्या पानावरही त्याच कंपनीचा तुकडा असतो. तुमचा ब्राउझर मुकाट्याने तो बिल्ला दाखवतो आणि घरघंटी बघणारी हीच, हे कंपनीला कळतं. याला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. ज्या दुकानात गेलात त्याचा बिल्ला घेणं मला मान्य आहे. पण दारामागे उभ्या असलेल्या, कधी न दिसलेल्या माणसाने प्रत्येक दुकानात माझी नोंद ठेवावी, हे मला मान्य नाही.

ॲपलच्या सफारीने मार्च 2020 पासून या कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी करून टाकली, त्यामुळे एकीकडचा बिल्ला दुसरीकडे दाखवला जात नाही. क्रोमने जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असं जाहीर केलं, मग मुदत पुढे ढकलत नेली आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर क्रोमच असतं, म्हणजे हे काम आपणच करायचं. सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये 'थर्ड पार्टी कुकीज' सापडेल. तिथे 'ब्लॉक' निवडा. क्वचित एखाद्या पानावरचं लॉगिन किंवा पैसे भरणं अडेल. मग त्या साइटपुरती सूट द्या, सगळ्यांना दार उघडू नका. जाहिराती यानंतरही दिसतील, फक्त तुमचा माग काढणं अवघड होईल. ॲपमधला माग मात्र याने थांबत नाही. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधा आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' करा.

कुकीजसाठी परवानगी मागणाऱ्या पट्ट्यांवर हिरव्या 'ॲक्सेप्ट ऑल'कडे बोट आपोआप जातं. जरा थांबून 'रिजेक्ट ऑल' शोधा. नसेल तर 'मॅनेज' उघडा आणि 'नेसेसरी' सोडून बाकी सगळं बंद करा. बहुतेक साइट तशाही व्यवस्थित चालतात. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी दिला. नकार देणं होकारापेक्षा किचकट ठेवलं म्हणून फ्रान्सच्या डेटा नियामकाने जानेवारी 2022 मध्ये गुगलला 15 कोटी युरो आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं, असं कलम आहे.

केंद्रात ग्राहकांसाठी ठेवलेल्या संगणकावर मी आता फायरफॉक्स वापरते. त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली, ब्राउझर बंद होताच कुकीज पुसण्याचा चौकोन आहे. त्यावर खूण केली आहे. प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की फायरफॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या, आणि त्याआधी मी विचारतेच, "दादा, लॉगआउट केलंत ना?"