कोंबडा लंगडतोय, तळव्याला काळी खपली? माझा अनुभव

आमचा कोंबडा एक पाय उचलूनच उभा राहायचा. तळवा सुजलेला, गरम. मधोमध मसुराएवढी काळी खपली. आजीची हळद झाली, खोबरेल झालं, नुसता वैताग!

गुण आला तो असा: त्याला टॉवेलात गुंडाळलं (छाती आवळू नका, श्वास तिच्याच हालचालीवर चालतो), डोकं झाकलं की गप्प. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून पाय 15 मिनिटं बुडवला. खपली मऊ पडल्यावर सलाइनने धुऊन पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक), गॉज (जाळीदार कापड), वरून बोटांमधून फिरवलेली सैलसर पट्टी. रोज बदलायची, हातमोजे घालूनच. आत घट्ट गाठ लागली तर घरी कापाकापी नको. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

मूळ दुखणं मात्र गच्चीच्या कठड्यावरून सिमेंटवर मारलेल्या उड्यांचं. बसायची दांडी खाली आणली, भुसा पसरला, तेव्हा सूज उतरली.