‘विंडोज मारून द्या’ म्हणायच्या आधी हार्ड डिस्क तपासा

घाटंजीला माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सेवा केंद्रवाले, कृषी केंद्रवाले, फोटो स्टुडिओवाले, शाळेचे बाबू, सगळ्यांची तक्रार साधारण सारखीच असते: "भाऊ, लय स्लो होऊन राह्यला, विंडोज मारून द्या." मी आधी डिस्क पाहतो. कारण डिस्कच जात असेल तर विंडोज मारणं, म्हणजे ते नव्याने टाकणं, हे सगळ्यात वाईट काम. त्यात त्याच डिस्कवर कितीतरी जीबी नव्याने लिहिलं जातं, तेही तुमच्या जुन्या फाइली होत्या त्या जागेवर. मग लग्नाचे फोटो गेले, टॅलीचा डेटा गेला, आणि डिस्कही आठवड्यात बसली.

खराब व्हायला लागलेली डिस्क दुरुस्त होत नाही. तिच्यात असलेला माल बाहेर काढायचा असतो, आणि ती जेवढा वेळ चालू राहील तेवढी तिची वाचायची ताकद कमी होत जाते. खाली जे सांगतो, त्यातला क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

लक्षणं आधी कानाने ओळखा. कॅबिनेटचं झाकण काढा, पंखा आवाज करत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका, डिस्कजवळ कान न्या. बारीक कुरकुर हा नेहमीचा आवाज. पण ठरावीक अंतराने टक... टक... टक, मग थांबून पुन्हा तेच, असं होत असेल तर आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशी डिस्क तिथंच बंद करा. डेटा जिच्यावर असतो त्या फिरत्या चकतीपासून, म्हणजे प्लेटपासून, हेड फक्त काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते खाली टेकलं की प्लेटवरचा थर खरवडला जातो आणि तो कोणालाच परत आणता येत नाही.

मात्र निकाल देण्याआधी वीज तपासा. आमच्याकडे लाइन कधी १८० व्होल्टवर येते, डीपीवर फॉल्ट आला की एकदम वर जाते, आणि स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, हे फार दिवस सोसत नाही. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. ते पुरेसे मिळाले नाहीत तर चांगली डिस्कही फिरायला लागते, थांबते, टकटक करते. दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर एकदाच लावून बघा. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर वायर बदला आणि डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नको. आवाज गेला तर तुमचं नशीब. आवाज तसाच राहिला तर पुन्हापुन्हा प्रयोग करू नका.

आवाज नाही, पण फोल्डर उघडायला मिनिट लागतं, कॉपी मध्येच शून्यावर येते, विंडोज सुरू होताना आपोआप डिस्क तपासायला बसतं, अशी अवस्था असेल तर डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते ते पाहायचे. त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण मी रंगावर थांबत नाही, चार ओळी पाहतो. ०५ या ओळीत डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, मोजलेले असतात. सी५ मध्ये वाचता न आलेले, पण अजून निकाल न लागलेले. सी६ मध्ये तपासणीत वाचताच न आलेले. या तिन्हींत शून्य हवं. शून्य नसेल तर आकडा लिहून ठेवा आणि पुन्हा पाहा. वाढत असेल तर डिस्क चालली. हे आकडे मुळात सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते १६ असतं. सेटिंगमधून ते आपल्या नेहमीच्या दशमान आकड्यात करून घेता येतं.

चौथी ओळ सी७, वायरमधून डेटा जाताना झालेल्या चुकांची. ही वाढत असेल तर दोष बहुतेक वायरचा असतो. जिनिंगच्या आसपासच्या ऑफिसातून आलेल्या कॅबिनेटमध्ये कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर असतो. डिस्कला बोर्डाशी जोडणाऱ्या साटा वायरचं टोक काढून उजेडात धरलं की पिवळ्या पट्ट्या काळवंडलेल्या दिसतात. वायर बदलली की कम्प्युटर पुन्हा पळायला लागतो. तेवढ्यासाठी नवी डिस्क विकणं मला पटत नाही.

आणि चारही ओळी शून्य असल्या तरी निर्धास्त होऊ नका. गुगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. पण ज्यांच्यात तपासणीत पहिली चूक दिसली, त्या पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणजे इशारा आला तर तो खरा माना, नाही आला तर डिस्क चांगली आहे असं समजू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘डिस्क’ या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी येताहेत का, तेही बघून घ्या.

आता माल काढणे. चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, चालवू नका. लोकांना ते औषध वाटतं, पण ते फाइलींची मांडणी जुळवायला बसतं, खराब डिस्कवर तासन्‌तास घासतं आणि तुटलेल्या नोंदी कापून टाकतं. ‘फॉरमॅट करायचं का’ असं विंडोजने विचारलं तर रद्द करा. त्या डिस्कवरून विंडोज सुरूच करू नका. ती काढून दुसऱ्या मशीनला लावा. नव्या लॅपटॉपची डिस्क असेल तर ती बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, तेव्हा आधी मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून ठेवा.

डिस्क बऱ्यापैकी वाचत असेल तर सगळ्यात मोलाचं आधी घ्या. नेहमी कॉपी, कट कधीच नाही. गाणी-सिनेमे शेवटी. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर पुन्हा प्रयत्न करायचा आकडा शून्य किंवा एक ठेवा, कारण तो मुळात दहा लाख असतो आणि दर प्रयत्नानंतर ३० सेकंदांची वाट; एका खराब फाइलीपायी रात्र जाते आणि डिस्कही.

डिस्क अडखळत असेल तर मी उबुंटूच्या (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवायचं सॉफ्टवेअर चालवतो. ते फाइली पाहतच नाही, अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. पहिल्या फेरीत सोपं सगळं उचलतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं, आणि मग मागे येऊन राहिलेलं खरवडतं. दुसरी डिस्क पहिलीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. चालवण्याआधी दोन्हींचे सिरियल नंबर लेबलवरून कागदावर लिहा आणि स्क्रीनवर जुळवा. कोणती डिस्क वाचायची आणि कोणतीवर लिहायचं हे उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर उतरते.

याची मॅप फाइल आमच्यासारख्या भागात फार कामाची. कुठवर वाचलं, कुठं अडलं, हे त्यात लिहिलं जातं. मध्येच लाइन गेली तरी तीच मॅप फाइल देऊन सुरू केलं की काम तिथूनच पुढे जातं. पण ती फाइल तिसऱ्या जागी, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल रॅममध्ये असते, लाइन गेली की तीही गेली.

पारव्याकडच्या एका फोटोग्राफर दादाची १ टीबीची डिस्क अशीच आली होती, आत अख्ख्या लग्नसराईचं शूटिंग. मे महिना, बाहेर ४५ अंश, वर टिनाचं छत. डिस्क उघड्यावर ठेवून टेबलफॅन लावला आणि काम रात्री चालवलं. सुरुवातीला वेग चांगला, मग एकदम काही केबीवर यायचा, चुकांचा आकडा हळूहळू वाढायचा, आणि तो पट्टा ओलांडला की पुन्हा वेग घ्यायचा. दादा म्हणे, "बंद करून पाह्यजा काय एकदा?" नाही. चालू आहे तोवर चालू द्यायची; बंद केलेली डिस्क पुन्हा उठेलच असं नसतं. दोनचार क्लिप सोडल्या तर बाकी सगळं निघालं. त्या क्लिपही डिस्कवर पुन्हा न जाता, उतरवून घेतलेल्या प्रतीवर शोधल्या. रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर प्रतीवरच चालवायचं.

टकटक करणारी, किंवा बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग) न दिसणारी डिस्क माझ्या हातची नाही, गावातल्या कोणाच्याच नाही. ती उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत ओल धरते. नागपूर-पुण्याकडे निर्धूळ खोली असलेला रिकव्हरीवाला गाठा, आधी अंदाजपत्रक घ्या, आणि तो डेटा तेवढ्या पैशांचा आहे का ते घरी बसून ठरवा.

लाइन जाऊन सी५ मध्ये दोनचार सेक्टर आले असतील तर ते अर्धवट लिहिल्यामुळेही असू शकतात. डेटा काढून झाल्यावर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा. सी५ शून्यावर आला आणि ०५ वाढला नाही, तर ती डिस्क सिनेमे ठेवायला वापरा. एकुलती एक प्रत तिच्यावर नको.

एसएसडीचं, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कचं, वेगळं. ती आवाज करत नाही, बरेचदा इशाराही देत नाही, सकाळी दिसतच नाही. तिच्यासाठी बॅकअप हाच उपाय: दोन वेगळ्या ठिकाणी प्रत, आणि त्यातली एक घरी, दुकानात नव्हे. दोन्ही एकाच बोर्डाला लावून ठेवल्या तर एका झटक्यात दोन्ही जातात.

सेवा केंद्रवाल्यांना एक खास सांगणं. त्या मेलेल्या डिस्कवर गावातल्या माणसांचे आधार, पासबुक, सातबारे स्कॅन होऊन पडलेले असतात. भंगारवाल्याला तशीच देऊ नका. आधी सिरियल नंबर टाकून वॉरंटी पाहा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, आणि जुनी डिस्क कंपनीकडे जाते, हे लक्षात घेऊन ठरवा. वॉरंटी नसेल तर ड्रिलने प्लेटमधून आरपार तीनचार भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कची प्लेट बरेचदा काचेची असते, ती फुटून उडते, तेव्हा कापडात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावून करा.