घटापासून कोजागिरीपर्यंत : पंधरा दिवसांत घरचं, तब्येतीचं आणि मातीचं देणं कसं द्यावं

आपल्याकडे घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. आईला 'धन्यवाद' म्हणून बघा, ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. त्यामुळे 'रोज रात्री वहीत तीन आभार लिहा' हा सल्ला माझ्याकडून चार दिवसांपलीकडे कधी टिकला नाही. टिकलं ते हाताने काहीतरी करणं. आश्विन शुद्ध प्रतिपदा ते कोजागिरी हे पंधरा दिवस त्यासाठी सोयीचे, कारण निम्मी कामं सणच करून घेतो. सोलापुरात आमच्या घरी हे कसं चालतं ते सांगतो.

माती मागून आणा

घटाची माती बाजारात विकत मिळते, पण ती घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याकडे जा आणि पाटीभर काळी माती मागा. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस पडून वाफसा (पेरण्याजोगी ओल) आला असेल, तर नेमकी तेव्हाच तिथे रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते. आपल्या भाकरीची मालदांडी ३५-१ ही जात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. थोडा वेळ बांधावर बसा. यंदा बी काय भावाने घेतलं, हे विचारा. उन्हाळ्यात ताटात येणारी भाकरी इथून निघते, हे एकदा पाहिलं की भाकरी टाकून द्यायला हात धजत नाही.

घरी माती चाळून पत्रावळीवर दोन बोटं जाड पसरा. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवा आणि भोवती रात्रभर भिजवलेली ज्वारी, गहू, करडई पेरा. घट मुळात पाझरतो, त्यामुळे रोज नुसता पाण्याचा हबका पुरतो. पहिल्या वर्षी मी भक्तिभावाने तांब्याने पाणी घातलं आणि तिसऱ्या दिवशी घरभर कुबट वास. आज्जी म्हणाली, "अरे, मातीला शिंपडायचं असतं, आंघोळ नाही घालायची."

रोज एक नाव

संध्याकाळी शिंपडताना एकच नाव आठवा : आज कुणामुळे आपलं काम अडलं नाही? दूधवाला, शेजारच्या काकू, बायको, कुणीही चालेल. दुसऱ्या दिवशी त्या माणसासाठी एक छोटं काम करा. काकूंचा डबा महिनाभर आपल्याकडे पडला असेल तर परत द्या, आणि रिकामा देऊ नका. आत्याला फोन करा, पण सणाच्या शुभेच्छांसाठी नको, तिच्या गुडघ्याची चौकशी करायला करा. एवढं पुरे. भाषण करू नका, समोरचं माणूस अवघडतं.

खंडेनवमीला तेलही घाला

त्या दिवशी सोलापुरात माग थांबतात आणि त्यांची पूजा होते. घरात ज्या वस्तूंवर आपलं पोट चालतं त्यांना नुसतं हळदकुंकू लावून भागत नाही. शिलाई मशीन उघडून साफ करा, सायकलच्या चेनला तेल द्या, गॅसचा बर्नर घासा.

याच दिवशी तब्येतीचं काम उरका. 'वैद्यानां शारदी माता' असं जुनं वचन आहे : शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, कारण या दिवसांत आजारपण फार. आयुर्वेद म्हणतो, पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हाने उसळतं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यातला कूलर अजून खिडकीत असतो, त्यात पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. मला डेंग्यू झाला तो असाच, घरच्या कूलरकडे दुर्लक्ष केल्यामुळे. पंधरा दिवस घरच्यांनी पेज भरवली. बरं झाल्यावर त्यांच्या पाया पडण्यापेक्षा दर आठवड्याला कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करणं जास्त उपयोगाचं, असं माझं मत झालं. घरात कुणाला बीपी किंवा साखर असेल तर राहिलेली तपासणीही याच आठवड्यात करून घ्या.

फुलं बघायला जा

एका संध्याकाळी शहराच्या पूर्व भागात चक्कर मारा. तिथल्या तेलुगू पद्मशाली (विणकर) घरांतल्या बायका बतुकम्मा, म्हणजे फुलांची देवी, मांडतात : फुलांचे थरावर थर, त्यात माळावरची तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. कुर्डू म्हणजे शेतात उपटून टाकायचं तण! ते इथे देव होतं. निसर्गाबद्दलचं माझं सगळ्यात मोठं शिक्षण याच गल्ल्यांत झालं.

दसऱ्याला आपट्याची फांदी ओरबाडू नका. एकेक पान पुरे, तेही थोरांनाच. बाजारातला ढीग बऱ्याचदा कांचनाचा असतो; आपट्याचं पान लहान आणि जाड. शक्य असेल तर पावसाळ्यात आपट्याचं एक रोप लावा आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला पाणी घाला.

कोजागिरीची रात्र

त्या वेळी सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. चालायला जमलं तर चाला, नाही तर हिप्परग्याच्या तलावापाशी उभं राहून चहा-पाणी वाटा. आदिला नदी अडवून केलेला हा तलाव १८७१ साली पूर्ण झाला. चांदण्यात त्याचं पाणी बघायला थांबलात तरी चालेल.

घरी पाच माणसांना एक लिटर दूध, पाऊण होईपर्यंत आटवा. साखर, वेलदोडा, चारोळी, किंचित जायफळ घाला. पातेलं गच्चीवर चंद्राखाली ठेवा.

मग आश्विनी करा, म्हणजे घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळा. हे काम आईचं असतं. आमची आई तिच्या माहेरची थोरली. आज्जी गेल्यावर तिला कुणी ओवाळलं नव्हतं आणि आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. गेल्या वर्षी आम्ही तिला पाटावर बसवलं. "मला कशाला, मी काय लहान आहे?" म्हणत ती बसली, आणि निरांजन समोर येताच तिने पदर डोक्यावरून सारखा केला.