अमेरिकेतला एफएसए : डिसेंबरआधी शिल्लक बघा

अमेरिकेत नोकरी करत असाल आणि पगारातून हेल्थ एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे औषधोपचाराच्या खर्चासाठी कंपनीमार्फत असलेलं खातं) कापला जात असेल, तर आजच खात्यातली शिल्लक तपासा. हा पैसा करकपातीच्या आधी बाजूला पडतो, म्हणून खरी बचत होते. पण वर्ष संपलं की उरलेला बुडू शकतो. काही कंपन्या थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात (२०२५ मधून कमाल ६६० डॉलर), काही तो खर्च करायला अडीच महिन्यांपर्यंत जादा मुदत देतात. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि काही ठिकाणी काहीच नाही. एचआरला विचाराच.

या पैशातून चष्मा, दातांची कामं, डॉक्टरांचा को-पे (विमा असूनही आपण भरायचा वाटा) हे सगळं चालतं. २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळणारी तापाची गोळी आणि सॅनिटरी पॅडही. विम्याचा हप्ता मात्र नाही. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांचा खर्चही सहसा बसत नाही, हे आपल्याकडे फार जणांना उशिरा कळतं.

सुट्टीत पुण्यात स्वतःचं रूट कॅनल केलंत, तर तो खर्च मागता येतो. तारीख, रुग्णाचं नाव, उपचार आणि रक्कम लिहिलेलं इंग्रजी बिल तिथेच मागून घ्या.