खालच्या विभागातला हंगाम कसा अनुभवावा

इंग्लंडमध्ये आपला फुटबॉल संघ प्रीमियर लीग या सर्वोच्च विभागातून खाली घसरला, की आधी वेळापत्रक पाहावे: ३८ ऐवजी ४६ सामने, म्हणजे घरच्या मैदानावरचे चार सामने जास्तच. मग बाहेरगावचे दौरे ठरवावेत, कारण खरी मौज तिथेच असते. २०१८ मध्ये सलग दुसऱ्या घसरणीनंतर लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर, आलेल्या संडरलंडच्या, सुमारे ४९,००० आसनांच्या स्टेडियमला सरावलेल्या चाहत्यांना ॲक्रिंग्टनच्या जेमतेम पाच हजारांच्या मैदानात खेळाडूंचा आरडाओरडासुद्धा ऐकू आला. रेनकोट मात्र विसरू नये. त्या डिसेंबरमधला तिथला सामना पावसामुळे १-१ अशा बरोबरीत अर्धवट सोडावा लागला होता. व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धत) नसल्याने गोल होताच बिनधास्त ओरडावे. प्रीमियर लीगमध्ये परतण्याची घाई करू नये. संडरलंडला लीग वनमधून बाहेर पडायलाच चार हंगाम लागले.