विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी माहिती दिवस कसा आखावा

विद्यार्थ्यांना मिळू शकणाऱ्या मदतीची माहिती कर्मचाऱ्यांना देणारा असा दिवस मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपपरिसरात किंवा नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयात ठेवताना प्रवेश व परीक्षांचा काळ टाळावा आणि परिपत्रकात ग्रंथपाल, लिपिक व शिपाई यांचाही स्पष्ट उल्लेख करावा, कारण अडचणीतला विद्यार्थी बहुधा आधी कार्यालयाच्या खिडकीशीच येतो. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांचा विचार करून आरंभ अकराला ठेवावा.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये कसा तपासतात, हे पडद्यावर प्रत्यक्ष दाखवावे.

सर्वाधिक वेळ दिव्यांग विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांचा समावेश असून विशिष्ट अध्ययन अक्षमतेसारखे (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) काही प्रकार वरवर पाहता लक्षातही येत नाहीत. त्यामुळे परीक्षेत लेखनिक किंवा वाढीव वेळ यांसाठी अर्ज कोणाकडे व कोणत्या कागदपत्रांसह करायचा, तसेच अध्यापकाने टिपणे आधीच कशी उपलब्ध करून द्यावीत, हे उदाहरणांसह समजावावे. मानसिक ताणाविषयी बोलताना टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक फळ्यावर लिहावा.

शेवटी प्रत्येक विभागाच्या संपर्क व्यक्तीचे नाव असलेले एक पान सर्वांना द्यावे.